दोन वर्षे घराजवळ, पुढची नागपूरला : पर्यावरणशास्त्र शिकू पाहणाऱ्यांसाठी काही माहिती

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजातील आईवडील मुलामुलींना घेऊन चार जाणत्या माणसांच्या दारी जातात आणि एकच प्रश्न विचारतात, "पोराले आता कोनत्या लाइनले टाकाचं?" या प्रश्नाची उत्तरेही ठरलेली असतात. गुण चांगले असले तर डॉक्टरी, बरे असले तर डी.एड. किंवा नर्सिंग, आणि बेताचे असले तर आय.टी.आय. नाहीतर पोलीस भरती. गेल्या काही वर्षांत मात्र एखादा विद्यार्थी, आणि विद्यार्थिनी तर विशेषच, "मला पर्यावरणशास्त्र शिकायचे आहे" असे म्हणू लागली आहे. यावर जाणती माणसे एकमेकांकडे पाहतात. या विषयाची पदवी कुठे मिळते, नोकरी कोणती लागते, गोंदियात राहून ते जमते की थेट नागपूर गाठावे लागते, आणि घरची परिस्थिती दोनच वर्षांची असली तर काय करावे, याची एकत्र माहिती कुणाजवळच नसते. ती एका ठिकाणी यावी म्हणून हा लेख.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून नोकरी बँकेतील कारकुनाची आहे. विज्ञान शिकविण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. परंतु अर्ज, दाखले, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि त्यांच्यातील अडचणी काउंटरच्या आतल्या बाजूने रोज पाहाव्या लागतात. त्यामुळे विज्ञानापेक्षा वाटेवरचे खाचखळगे अधिक सांगता येतील.

प्रथम विषयाबद्दल थोडे. पर्यावरणशास्त्र म्हणजे झाडे लावणे, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. ५ जूनला शाळेत रोप लावले, फोटो काढला, की पर्यावरण झाले. वास्तविक हे हवा, पाणी, माती, जीवसृष्टी आणि माणसाचा व्यवहार यांचे मोजमाप करण्याचे शास्त्र आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, वनस्पती व प्राणिशास्त्र आहे, भूगर्भ आहे, आकडेशास्त्र आहे आणि कायदाही आहे. तळ्याच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती आहे हे प्रयोगशाळेत मोजता येते. तो कमी झाला की मासळी मरते. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे हे मोजता येते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते ग्राह्य आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्यापुढे वर्षानुवर्षे ते पाणी प्यायले की दात आणि हाडे बिघडतात. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, आणि तरी घातक. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, मोजावेच लागते, आणि ते मोजणारा माणूस म्हणजे या विषयाचा विद्यार्थी.

या विषयासाठी आपल्या जिल्ह्यासारखी उघडी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. गोंदिया आणि भंडारा हे तळ्यांचे जिल्हे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी ही तळी बांधली. मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने संपली, तळी सरकारकडे गेली, पण नाव मात्र 'मालगुजारी तलाव', म्हणजे 'मामा तलाव', असेच राहिले. हे तलाव गाळाने भरत गेले, त्यांच्यात बेशरम माजली, देशी पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्याबरोबर देशी मासळीही गेली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या महिलांनी बेशरम उपटून तळ्यांत पुन्हा देशी वनस्पती लावण्याचे काम केले आहे. कोणती वनस्पती लावली की कोणता मासा अंडी घालतो, हे त्या बायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शास्त्राचे काम त्याची नोंद ठेवणे आणि मोजणे एवढेच राहते.

सारस पक्ष्याचेही तेच. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगातला सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि तोही मोजका. धानाच्या बांधीत घरटे करतो, त्यामुळे त्याचे जगणे शेतकऱ्याच्या हाती आहे. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जळतो तेथे राख निघते, आणि त्या राखेचे काय करायचे हा पर्यावरणशास्त्राचाच प्रश्न आहे. गोंदियाच्या राइस मिलांचा कोंडा आणि उसना तांदूळ करणाऱ्या मिलांचे सांडपाणी यांचाही. म्हणजे नागऱ्याहून सायकलने फिरण्याच्या टापूत विषयाची निम्मी प्रकरणे सापडतात.

आता एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. अनेक विद्यार्थी म्हणतात, "पर्यावरण आम्हाला होताच की." होता तो पर्यावरण अभ्यास, पर्यावरणशास्त्र नव्हे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरणाचा विषय सक्तीचा करण्याचे आदेश दिले. त्यातून अकरावी-बारावीला आणि पुढे पदवीच्या प्रत्येक शाखेला हा विषय आला. हेतू थोर होता. प्रत्यक्षात त्याचा प्रकल्प शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातून तयार मिळतो, हे आपण सर्व जाणतो. ज्याला पुढे हाच विषय घ्यायचा आहे त्याने तरी तो प्रकल्प स्वतः करावा. गावातील पाच विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षभर दर महिन्याच्या एकाच तारखेला दोरी टाकून मोजून लिहिली, तरी तो खरा अभ्यास होतो, आणि पुढे मुलाखतीत सांगण्यासारखे काही हाती राहते.

'दोन वर्षांचे कॉलेज' म्हटले की आपल्या डोळ्यापुढे ज्युनियर कॉलेज येते. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सत्तरच्या दशकात आला आणि अकरावी-बारावीला हे नाव पडले. अमेरिकेत मात्र याच नावाची गोष्ट निराळी आहे. तेथे बारावीनंतर दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे असतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील ज्युनियर कॉलेज १९०१ चे. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सार्वजनिक महाविद्यालये आहेत. फी कमी, घराजवळ राहण्याची सोय. दोन वर्षे तेथे पर्यावरणशास्त्राचे पायाभूत विषय करायचे, आणि मग राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बदली घ्यायची, ही तेथील सर्वसामान्य घरांतील मुलांची वाट आहे. १९६० मध्ये त्या राज्याने उच्च शिक्षणाचा सर्वंकष आराखडा केला, त्यात ही बदलीची वाट मुद्दाम बांधून घेतली. त्यातील घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात आधीच लेखी करार असतो. तुमचा अमुक पेपर आमच्या अमुक पेपरच्या जागी धरू, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच पाहता येते. आपल्याकडे ते पाहायला मिळत नाही. खरी अडचण येथे आहे.

तथापि आपल्याकडेही आता बदलीची वाट कागदावर तरी उघडली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यानुसार पदवीचे शिक्षण क्रेडिटमध्ये मोजले जाते. वर्गातील साधारण १५ तासांचे शिकणे किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट. एक वर्ष पूर्ण करून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी म्हणजे किमान ८० क्रेडिटनंतर पदविका, तीन वर्षांनी १२० क्रेडिटवर पदवी, आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स पदवी. मधेच थांबणाऱ्याला त्या पातळीचा कागद मिळण्यासाठी चार क्रेडिटचे जादा कौशल्याचे काम किंवा इंटर्नशिप करावी लागते.

हे क्रेडिट जेथे जमा होतात त्या व्यवस्थेचे नाव शैक्षणिक क्रेडिट बँक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये तिचे नियम केले. नावात बँक असल्यामुळे आमच्यासारख्याला ती समजायला सोपी जाते. विद्यार्थ्याचे खाते असते, त्याला बारा अंकी 'अपार' क्रमांक असतो, महाविद्यालय उत्तीर्ण पेपरांचे क्रेडिट त्यात जमा करते, आणि विद्यार्थी दुसरीकडे गेला की ते तेथे वापरता येतात. साधारणपणे सात वर्षांपर्यंत ते वापरण्याजोगे राहतात. एकदा पदवीसाठी ते वळते झाले की खात्यातून कायमचे वजा होतात, दुसऱ्या निराळ्या पदवीसाठी तेच पुन्हा दाखविता येत नाहीत. पासबुकातील नोंद महिन्याला पाहावी तशी या खात्यातील नोंद प्रत्येक सत्रानंतर पाहावी. महाविद्यालयाने क्रेडिट चढविलेच नाहीत, आणि हे तिसऱ्या वर्षी बदलीच्या वेळी कळले, तर धावपळ विद्यार्थ्याचीच होते. आधार कार्डावरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी खाते जुळत नाही. आपल्याकडे आडनावांचे स्पेलिंग दाखल्यागणिक बदलते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

परंतु एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. खात्यात पैसा असला म्हणून दुकानात माल असतोच असे नाही. क्रेडिट बँक तुमचे क्रेडिट सांभाळते, जागा मिळवून देत नाही. नागपूरच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला जागा रिकामी असेल आणि तुमचे विषय त्यांच्या विषयांशी जुळत असतील, तरच प्रवेश मिळतो. पर्यावरणशास्त्रात हीच मेख आहे. लहान गावांतील महाविद्यालयांत हा विषय मुख्य विषय म्हणून मिळेलच असे नाही. आपल्या गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयासारखी जुनी संस्था आहे, तेथे रसायन, वनस्पती, प्राणी हे पायाचे विषय आहेत. आपल्या पसंतीच्या महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र मुख्य विषय म्हणून मंजूर आहे काय, हे प्रवेशापूर्वी माहितीपुस्तकात पाहावे. नसेल तर दोन वर्षे तेथे वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र केलेल्या मुलीला नागपुरात तिसऱ्या वर्षी एकदम पर्यावरणशास्त्र हा मुख्य विषय कोणी देणार नाही, कारण त्या विषयाचे पहिल्या दोन वर्षांचे क्रेडिट तिच्याजवळ नसतात.

मग काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल तर बदली पदवीच्या मध्यात घेऊ नये, पदवीच्या शेवटी घ्यावी. गोंदियात रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्र घेऊन तीन वर्षे पूर्ण करावीत, आणि पर्यावरणशास्त्र एम.एस्सी.ला घ्यावे. एम.एस्सी. ही सुद्धा दोन वर्षांचीच आहे. नागपुरात शासकीय विज्ञान संस्थेत तसेच सेवादल महिला महाविद्यालयात हा विषय पदव्युत्तर पातळीवर आहे. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव येथील विद्यापीठांत त्याचे स्वतंत्र विभाग आहेत. पायाचे विज्ञान पक्के असलेला विद्यार्थी तेथे मागे पडत नाही. ज्याला पहिल्यापासून हाच विषय हवा आहे आणि नागपुरात राहण्याची सोय होऊ शकते, त्याने दोन वर्षांचे ज्युनियर कॉलेज घराजवळ करावे आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाच नागपूर गाठावे. दोन वर्षे पदवी इकडे आणि तिसरे वर्ष तिकडे ही वाट बंद नाही, पण ती घ्यायची तर इकडच्या आणि तिकडच्या महाविद्यालयाचे विषय पहिल्याच वर्षी समोरासमोर ठेवून पाहिले पाहिजेत.

ज्युनियर कॉलेजबद्दल एकच आग्रहाची सूचना : गणित सोडू नका. जीवशास्त्र घेणारी आपली बहुसंख्य मुले गणिताला घाबरून ते टाळतात. त्यामुळे पर्यावरण अभियांत्रिकीचा दरवाजा बारावीलाच बंद होतो. शिवाय या शास्त्रात पदोपदी हिशेब आहे. साधे उदाहरण घ्या. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. एखाद्या लहान बोडीचे पाणलोट क्षेत्र दहा हेक्टर असेल आणि शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर पडलेले पाणी होते एक कोटी लिटर. त्यातले मुरले किती, उडाले किती, बोडीत आले किती, हे काढायचे म्हणजे गणितच. हा हिशेब आपल्या आजोबांना पाटावरच्या पाण्याकडे पाहून येत होता. नातवाला तो कागदावर मांडता आला पाहिजे.

जुन्या व्यवस्थेतही दोन वर्षे शिकून बदलीची एक वाट होती, आणि ती अजून आहे. तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. बारावी विज्ञान झालेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत पदविका, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा ही कामे सिव्हिलच्या अभ्यासक्रमात येतात, आणि पर्यावरण अभियांत्रिकी ही पुढे त्याचीच शाखा आहे. येथे जागा राखीव असतात, प्रवेशप्रक्रिया राज्याची असते, आणि मधे थांबावे लागले तरी पदविकाधारकाला ओव्हरसियरच्या, स्थापत्य सहायकाच्या जागांसाठी अर्ज करता येतो. दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याच्या हाती बाजारात चालणारा कागद देणारी वाट म्हणून मी हिला नव्या पदविकेपेक्षा वरची जागा देईन.

कारण नव्या धोरणातील दोन वर्षांच्या पदविकेविषयी मला धास्ती वाटते. पूर्वी दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सुटलेल्या मुलीला 'शिक्षण अर्धवट राहिले' असे म्हणत, आणि त्यात घरच्यांना थोडी तरी बोच असे. आता तिच्या हाती पदविका येईल आणि घरचे म्हणतील, झाले की शिक्षण. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले दोन वर्षांनी थांबणार नाहीत, थांबणार आहेत ती आपली. त्या पदविकेवर नोकरी देणारी जाहिरात मी तरी अजून पाहिलेली नाही. नाइलाजाने थांबावेच लागले तर पुन्हा प्रवेशाची मुदत तीन वर्षांची आहे, आणि एकूण अभ्यासक्रम सात वर्षांत पुरा करावयाचा असतो, हे घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावे. बाबासाहेबांचे लंडनमधील शिक्षण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे मधेच थांबले होते. परत येण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा रुजू होण्याची परवानगी मिळवून ठेवली, १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ती परवानगी लेखी होती, हे येथे महत्त्वाचे.

आता पैशाचा विषय, जो आमच्या धंद्याचा आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या यादीत १९९० च्या दुरुस्तीने स्थान मिळाले, हे आपल्या सभासदांना सांगावयास नको. परंतु या शिष्यवृत्तीच्या नियमावलीतील एक अट फारच थोड्यांनी वाचलेली असते. मधेच विषय बदलला किंवा पूर्वमंजुरीशिवाय संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. तसेच एक पातळी पूर्ण केल्यावर त्याच पातळीचा दुसरा अभ्यासक्रम घेतला, उदाहरणार्थ बी.ए. नंतर बी.कॉम., तर ती मिळत नाही. तेव्हा बदली घेणाऱ्याने आधी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून लेखी मंजुरी घ्यावी आणि मगच टी.सी. काढावी. टी.सी. आधी आणि मंजुरी नंतर, असे केलेले विद्यार्थी वर्षभर चकरा मारताना दिसतात.

नागपूरला राहण्याच्या खर्चासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात भोजन, निवास व निर्वाह यांसाठी रक्कम जमा होते. योजनेच्या शासन निर्णयात नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी ती वर्षाला ६० हजार रुपये धरलेली आहे. मात्र विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा लागतो, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. हप्ते वेळेवर येतीलच या भरवशावर खोलीभाडे ठरवू नये. दोन महिन्यांची तजवीज हाती ठेवूनच पोराला पाठवावे.

शैक्षणिक कर्जाबाबत थोडक्यात. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. पण कर्ज मंजूर होते ते ठरावीक महाविद्यालयाच्या ठरावीक अभ्यासक्रमासाठी. महाविद्यालय बदलले तर बँकेला आधी कळविले पाहिजे, नाहीतर पुढचा हप्ता अडतो. साध्या बी.एस्सी.साठी कर्ज काढू नये, असे मी काउंटरवर बसूनही सांगतो. फी इतकी नसते, शिष्यवृत्तीत भागते. कर्ज काढायचेच तर अभियांत्रिकीसाठी किंवा बाहेरगावच्या नामांकित विभागातील एम.एस्सी.साठी काढावे.

नोकरीच्या बाजूला एक काळजी घ्यावयाची आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला पशुवैद्यक, वनस्पती, रसायन, भूगर्भ, गणित, भौतिक, सांख्यिकी, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय, किंवा कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्राचे नाव नाही. म्हणजे केवळ पर्यावरणशास्त्र घेऊन पदवीधर झालेला जंगलाच्या सर्वांत मोठ्या परीक्षेला बसू शकत नाही! म्हणून पर्यावरणशास्त्राच्या जोडीला वनस्पती, प्राणी किंवा रसायन यांपैकी एक विषय असलाच पाहिजे. बाकी वाटा आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, त्याला प्रयोगशाळेत व क्षेत्रावर माणसे लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वीज केंद्रे, खाणी, साखर व कागद कारखाने यांना कायद्याने हवापाण्याची मोजणी करावी लागते, त्यासाठी खाजगी प्रयोगशाळा चालतात आणि तेथे नव्या बी.एस्सी.-एम.एस्सी.ला सुरुवात मिळते. पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो, हे लपविण्यात अर्थ नाही. नागपुरातच नीरी ही राष्ट्रीय संस्था आहे. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून निघाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. पर्यावरणाचा शब्दही आपल्याकडे रुळला नव्हता तेव्हापासून तेथे पाणी आणि मैला यांवर काम चाललेले आहे. शिक्षक व्हायचे असेल तर पर्यावरणशास्त्रात नेटची परीक्षा आहे, परंतु महाविद्यालयांत या विषयाच्या जागा रसायन-वनस्पतीच्या मानाने फार थोड्या.

दोन वर्षांच्या शिक्षणाने काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. तेथे दयानंद महाविद्यालयात शिकून १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे त्यांनी कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि वनखात्यात आले. पुढे नवेगावबांधला त्यांची दीर्घकाळ नोकरी झाली. पक्षी, मासे, झाडे यांची नावे त्यांनी पुस्तकांइतकीच आपल्याकडच्या ढिवरांकडून, गोंडांकडून गोळा केली. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या काळी दोन वर्षांच्या शिक्षणापाठोपाठ सरकारी नोकरी होती. आजच्या मुलांपुढे ती तशी उभी नाही, म्हणूनच वर एवढी कागदपत्रांची चर्चा करावी लागली.

शेवटी कागदांचे. महाविद्यालय त्याच विद्यापीठात बदलायचे असेल तर टी.सी., मागील सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि दोन्ही प्राचार्यांची संमती लागते. विद्यापीठच बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र, ही दोन जास्तीची. नागरा बालाघाटच्या रस्त्यावर असल्याने आपली काही मुले पलीकडे मध्य प्रदेशात शिकतात. त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, शिवाय महाराष्ट्राचा अधिवास दाखला जपून ठेवावा. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता या दोन गोष्टी निराळ्या आहेत. वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा, बारावीच्या निकालानंतर केला तर समितीच्या दारात गर्दी असते. आणि ज्या महाविद्यालयातून निघायचे तेथील प्रत्येक पेपरचा सविस्तर अभ्यासक्रम प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी घ्यावा. नव्या ठिकाणी क्रेडिट जुळवताना गुणपत्रिकेवरील पेपरचे नुसते नाव पुरत नाही, त्यात काय शिकविले हे पाहिले जाते. त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक अर्जाला जोडावी आणि एक घरी पेटीत ठेवावी.